जांभ्याच्या गोट्यांवर डांबरी गाडी

मोटारसायकलवरून पडलो ते ताशी पंचवीस किलोमीटरच्या वेगाने पडलो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे वाचताना कोणाचा जीव टांगणीला लागणार नाही. क्लचचा लिव्हर वाकला, डाव्या गुडघ्यावर बशीएवढा काळानिळा डाग उमटला आणि ज्या जांभ्याच्या मातीत लहानाचा मोठा झालो तिची आपल्याला जन्माची ओळख आहे हा समज तेवढा मोडला. हे सगळे घडले ते दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या कांगारू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरच्या एका कच्च्या रस्त्यावर, २०२३ च्या मार्च महिन्यात. ॲडलेड कप या घोड्यांच्या शर्यतीच्या सोमवारच्या सुट्टीमुळे शनिवार धरून तीन दिवस मोकळे मिळाले होते आणि शहरात बसून राहण्याचा कंटाळा आला होता.

कांगारू बेट हे टास्मानिया आणि मेलव्हिल यांच्या खालोखाल ऑस्ट्रेलियाचे तिसऱ्या क्रमांकाचे मोठे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम लांबी दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे अर्ध्या दिवसात प्रदक्षिणा घालून परत येण्याजोगे हे बेट नव्हे. ॲडलेडहून दक्षिणेला सुमारे ११० किलोमीटरवर केप जर्व्हिस आहे. तिथून गाड्या वाहून नेणारी बोट पाऊण तासात बेटावरच्या पेनेशॉला सोडते. पेनेशॉ ते किंग्सकोट हा मुख्य रस्ता उत्तम डांबरी आहे आणि तिथून पश्चिमेच्या अभयारण्याकडे जाणारे मोठे रस्तेही डांबरीच आहेत, त्यामुळे पर्यटकांच्या बसगाड्या प्रसिद्ध खडक आणि सील पाहून चाकाला खडा न लागता परत जाऊ शकतात. मात्र मोठा रस्ता सोडून एखाद्या निवांत किनाऱ्याकडे किंवा जुन्या दीपगृहाकडे वळले की डांबर संपते. बेटावरचे बहुतांश रस्ते असे बिनडांबरी आहेत आणि मला जिथे जायचे होते त्या जागा नेमक्या त्याच रस्त्यांच्या टोकाला होत्या.

गाडी माझी यामाहा एमटी-०७. इंजिन ६८९ सीसीचे, वजन पेट्रोलसकट एकशे ऐंशी किलोच्या थोडे वर, दोन्ही चाके सतरा इंचांची आणि मागचे टायर १८० मिलिमीटर रुंद, डांबरावर वळणे घेण्यासाठी बनवलेले, जवळजवळ गुळगुळीत. चाकांना खालीवर व्हायला सुमारे १३० मिलिमीटर जागा मिळते, जी शहरातल्या गतिरोधकाला पुरते आणि खड्ड्याला पुरत नाही. अशी गाडी घेऊन खडीच्या रस्त्यावर का जावे, असा प्रश्न बोटीवर मला दोघांनी विचारला. खरे उत्तर एवढेच होते की माझ्याकडे दुसरी गाडी नाही. दर वेळी रस्त्याप्रमाणे गाडी बदलायची तर माझ्या पगारात दोनच रस्ते परवडतील. शिवाय कोकणात कच्च्या रस्त्यासाठी म्हणून वेगळी गाडी घेतलेला माणूस माझ्या लहानपणी मी पाहिलेला नाही. जी गाडी दारात असे तीच शेतात, बाजारात, लग्नाला आणि दवाखान्यात जात असे.

आता रस्त्याविषयी. कांगारू बेटाचा मधला भाग हे एक सपाट, ठेंगणे पठार आहे आणि ते लॅटराइटचे आहे. लॅटराइट म्हणजे आपला जांभा. फार प्राचीन काळी, हवामान उष्ण आणि पावसाळी असताना, खडकातली सिलिका आणि इतर विरघळणारी द्रव्ये पाण्याबरोबर निघून गेली आणि लोखंडाची व ॲल्युमिनियमची ऑक्साइडे तेवढी मागे उरली, असा या दगडाचा जन्म आहे. त्याचे लॅटराइट हे शास्त्रीय नावसुद्धा आपल्याच पश्चिम किनाऱ्यावर पडले आहे. फ्रान्सिस बुकॅनन याने केरळातल्या अंगाडीपुरम येथे लोक हा दगड कापून भिंतीसाठी वापरताना पाहिले आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात विटेला असलेल्या लॅटिन शब्दावरून त्याला हे नाव दिले. चिऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे नाव वाचून बरे वाटते.

परंतु एकाच कुळातली दोन माणसे जशी अगदी भिन्न स्वभावाची निघावीत, तसे इथे झाले आहे. आपल्या कोकणातल्या सड्यावरचा, म्हणजे सपाट कातळमाथ्यावरचा, जांभा सलग असतो. तो भोकाभोकांचा, खरखरीत असतो, त्याचे चिरे कापता येतात आणि त्यावरून गेलेला रस्ता उन्हाळ्यात कितीही ओबडधोबड झाला तरी चाकाखाली जागचा हलत नाही. कांगारू बेटावरच्या जांभ्यात मात्र लोहद्रव्य एकेका कणाभोवती थरावर थर चढून गोळ्यांच्या रूपात साकळले आहे. वरची माती झिजली की या गोळ्या सुट्या होतात. आकाराने वाटाण्यापासून बोराएवढ्या, रंगाने करड्या-तांबूस, वरून चक्क चकाकणाऱ्या आणि पूर्ण गोल. हीच खडी तिथे जमिनीतून उकरून रस्त्यावर पसरतात, कारण दुसरी आणायची तर बोटीने आणावी लागेल. तिथले लोक तिला वाटाणा-खडी अशाच अर्थाच्या नावाने ओळखतात. मला मात्र पहिल्याच दर्शनी आठवल्या त्या गोट्या. आमच्या शाळेच्या अंगणात कोणीतरी हातातली गोट्यांची पिशवी सांडावी आणि सगळ्या वर्गाने एकदम त्यावर पाय द्यावा, तसा तो रस्ता होता.

दगडफोड करून तयार केलेल्या खडीला कोपरे असतात, त्यामुळे दाबल्यावर ती एकमेकांत अडकून बसते. गोल खडीला अडकायला कोपराच नसतो. तिला जागेवर धरून ठेवायचे काम बारीक माती आणि ओल करतात. मार्च म्हणजे तिथल्या कोरड्या उन्हाळ्याची अखेर, त्यामुळे ओल संपलेली आणि माती धुळीच्या रूपाने उडून गेलेली होती. मागे उरल्या होत्या केवळ गोट्या. हिवाळ्यातल्या पावसानंतर हाच रस्ता बराच घट्ट असतो असे मला नंतर सांगण्यात आले, आणि तो सल्ला वेळेवर न मिळण्याचे खापर फोडण्याजोगे कोणी नव्हते, कारण मी कोणालाही विचारले नव्हते.

कच्च्या रस्त्यावर गाडी चालवायला मी शिकलो ते लांज्याजवळच्या सड्यावर, काकाच्या बजाज एम-८० वर. वय तेव्हा पंधरा असेल, परवान्याचा प्रश्न नव्हता आणि त्या सड्यावर वाहन म्हणून दुसरे कोणी येण्याची शक्यताही नव्हती. मी हँडल गच्च धरून बसायचो आणि गाडी प्रत्येक दगडागणिक हिसके द्यायची. काका मागे बसून ओरडायचा, ‘मेल्या, हँडल आवळतोस कशाला? म्हैस बांधलीय काय त्याला?’ त्याच्या बोलण्यामागचे यंत्रशास्त्र मला पुष्कळ वर्षांनी कळले. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचा जमिनीला टेकणारा भाग हा हँडलचा आस जिथे जमिनीला मिळेल त्या बिंदूच्या थोडा मागे असतो. माझ्या गाडीत हे अंतर सुमारे ९० मिलिमीटर आहे. या मागे पडण्यामुळे विमानतळावरच्या सामानगाडीचे पुढचे चाक जसे आपोआप सरळ होते, तसे हे चाकही बाजूला ढकलले गेले तरी स्वतःहून सरळ होते. खड्याने चाक डावीकडे वळवले तर ते पुढच्या क्षणी आपणहून परत येते. आपण हात ताठ ठेवले की ते परत येण्याचे काम आपण अडवतो आणि चाकाचा हिसका खांद्यांतून संपूर्ण गाडीला देतो. थोडक्यात, डुलते चाक हा दोष नसून ती त्याची सावरण्याची रीत आहे.

हे सगळे ठाऊक असूनही किंग्सकोटच्या पुढे डांबर संपले त्या ठिकाणी माझे हात आपोआप आवळले गेले. काळ्या रंगाची पट्टी एका सरळ रेषेत संपते आणि पुढे तांबूस रस्ता सुरू होतो. पहिल्या पन्नास मीटरमध्ये वाटले की पुढच्या टायरमधली हवा गेली. हँडल डावीउजवीकडे बोटभर फिरत होते आणि गाडी कुठे जायचे ते अजून ठरवते आहे असा भास होत होता. मी थांबलो आणि दोन्ही टायरांतला दाब कमी केला. कंपनीने सांगितलेला दाब पुढे ३३ आणि मागे ३६ पीएसआय आहे. मी तो २८ आणि ३० वर आणला. याहून खाली नेले तर टायर आणखी पसरून पकड वाढते, पण मग एखाद्या दगडावर आपटून ॲल्युमिनियमची रिम वाकण्याची भीती असते, आणि तार असलेल्या चाकासारखी ती ठोकून सरळ करता येत नाही. पाच-सहा पीएसआयचा हा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो. हँडलवर तो पुन्हा चालू लागताच जाणवला, थरथर निम्मी झाली होती.

दुसरी गोष्ट ब्रेकची. माझ्या गाडीवरचे एबीएस, म्हणजे ब्रेक दाबताना चाक अडकू न देणारी यंत्रणा, बंद करता येत नाही. डांबरावर एबीएस हे वरदान आहे याविषयी माझ्या मनात संशय नाही, परंतु सुट्या खडीवर त्याचा हिशेब उलटा होतो. तिथे चाक थोडे अडकले तर त्याच्यापुढे खडीचा लहानसा ढीग साचतो आणि तो ढीगच गाडीला अडवतो. एबीएस चाक अडकूच देत नाही, त्यामुळे ढीग साचत नाही आणि गाडी ब्रेक दाबलेला असतानाही घरंगळत पुढे जात राहते. मागचा ब्रेक मी प्रथम जोराने दाबला तेव्हा पायाखाली टकटक झाली, वेग मात्र मनाला येईल तसा कमी झाला. तेव्हापासून नियम केला की ब्रेकचा भरवसा धरायचा नाही, गिअर कमी करून इंजिननेच वेग उतरवायचा आणि जे वळण दिसत नाही त्याच्याआधीच ते वाईट आहे असे समजायचे.

तिसरी गोष्ट अंगवळणी पडायला सगळ्यांत अवघड होती. भीती वाटली की हात आपसूक अ‍ॅक्सिलरेटर सोडतो. सोडला की गाडीचे वजन पुढे सरकते, पुढचे चाक खडीत रुतते आणि रुतलेले चाक आडवे वळायला पाहते. उलट, अ‍ॅक्सिलरेटर किंचित उघडा ठेवला की वजन मागच्या चाकावर राहते, पुढचे चाक हलके होऊन खडीवरून तरंगत जाते आणि मागचे चाक थोडेफार घसरले तरी गाडी सरळ राहते. ज्या क्षणी मन थांब म्हणत असते त्या क्षणी हाताने चाल म्हणायचे असते. फूटरेस्टवर उभे राहून चालवा असा सल्लाही सर्वत्र दिला जातो, पण तो उंच हँडलच्या गाड्यांसाठी आहे. माझ्या गाडीवर उभे राहिले तर कंबरेत वाकून हँडलवर ओणवे व्हावे लागते आणि मग सगळा भार पुन्हा हातांवरच येतो. त्याऐवजी मी सीटवरून बोटभर उठून, गुडघ्यांनी टाकी धरून बसत होतो. भात लावणीच्या दिवसांत जे स्नायू दुखतात तेच त्या रात्री दुखले.

या रस्त्यांवर गाड्यांच्या चाकांनी खडी बाजूला सारून दोन चाकोऱ्या पाडलेल्या असतात. चाकोरीत खाली घट्ट, लालसर जमीन दिसते. दोन चाकोऱ्यांच्या मध्ये आणि कडेला बाजूला सारलेल्या खडीचे वरंबे साचलेले असतात, वीतभर रुंद आणि चार बोटे उंच. मराठी लेखकांनी चाकोरी या शब्दाची इतकी नालस्ती केली आहे की त्या दिवशी मला तिची बाजू घ्यावीशी वाटली. चाकोरीत असेतो मी ताशी साठच्या वेगाने, आजूबाजूची निलगिरीची झाडे पाहत, सुखाने जात होतो. अडचण एवढीच की रस्ता अरुंद आहे आणि येणारे-जाणारे दोघेही मधल्याच चाकोऱ्या वापरतात. समोरून कोणी आले की प्रत्येकाने आपापल्या डावीकडे सरकायचे असते.

स्टोक्स बेच्या अलीकडे एका लांब उतारावर समोरून धुळीचा लोट आणि त्याच्या टोकाला एक पांढरी यूट आली. शेतकऱ्यांच्या उघड्या हौद्याच्या गाडीला तिथे यूट म्हणतात. मी वेळेवर वेग कमी केला, तीसवर आलो आणि डावीकडे सरकू लागलो. सरकलो ते हळूहळू, तिरक्या रेषेत, जसे डांबरावर एक लेन सोडून दुसरीत जावे तसे. पुढचे चाक वरंब्याच्या कडेला लागले, चढण्याऐवजी त्याच्या कडेकडेने घासत चालले, माझे हात आवळले, एक बोट पुढच्या ब्रेकवर गेले आणि पुढच्या क्षणी मी डाव्या कुशीवर पडून आकाशाकडे पाहत होतो. पडण्याचा आवाजही फारसा झाला नाही, पोत्यातून तांदूळ ओतावेत तशी सळसळ झाली.

यूटमधून एक साठीचा गृहस्थ उतरला. त्याने आधी माझी चौकशी केली, मग गाडीची, आणि मग आम्ही दोघांनी मिळून ती उभी केली. एकट्याने ती मला त्या गोट्यांवर उचलता आली नसती, कारण पाय रोवायलाच जागा नव्हती. तो म्हणाला, ‘वरंबा ओलांडायचाच असेल तर तोंड त्याच्याकडे करून सरळ ओलांडा, कडेकडेने जाऊ नका.’ मला एकदम लांज्यापेक्षा मुंबई आठवली. पावसात ट्रामचे किंवा रेल्वेचे रूळ स्कूटरने तिरके ओलांडू नयेत हे तिथल्या प्रत्येक जुन्या स्कूटरवाल्याला माहीत असे. वरंबा हा खडीचा रूळच आहे. सड्यावर मात्र वरंबे नव्हते, त्यामुळे काकाच्या शिकवणुकीत हा धडा कधी आलाच नाही. लिव्हर वाकला होता तरी दोन बोटांनी दाबता येत होता. यूट दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच उभा राहून पाणी पीत होतो, आणि त्या वेळात एक मधमाशी हेल्मेटच्या आतल्या कापडावर फिरून गेली. या बेटावर इटलीतल्या लिग्युरियाच्या मधमाश्या आहेत आणि त्यांच्या शुद्ध वाणासाठी १८८५ सालीच कायद्याने हे बेट राखून ठेवलेले आहे. हेल्मेट घालण्यापूर्वी तीनदा झटकले.

स्टोक्स बेला समोर दिसतो तो किनारा गोट्यांचा आणि खडकांचा आहे. खऱ्या वाळूकडे जायचे तर कातळांच्या बोळातून वाकून पलीकडे निघावे लागते. बूट काढून गुडघा थंड पाण्यात बुडवून बसलो. तिथून पार्नडानाकडे मुक्कामाला गेलो. हे गाव दुसऱ्या महायुद्धानंतर परतलेल्या सैनिकांना जमिनी देऊन वसवलेले आहे. या लोहखडीच्या जमिनीत त्यांनी कुरणे कशी उभी केली असतील, याचा विचार आदल्या दिवशी मी केला नसता. त्या दिवशी केला, कारण ती खडी माझ्या बुटात, खिशात आणि हातमोज्यांतही होती.

रविवारी केप बोर्डाला निघालो. प्लेफर्ड हायवे नावाचा रस्ता पश्चिमेकडे जाता जाता डांबर टाकून देतो, नाव मात्र हायवेचेच ठेवतो. या भागाने २०१९-२० च्या उन्हाळ्यातल्या वणव्यात जवळजवळ सर्वस्व गमावले होते. डिसेंबरमध्ये वीज पडून आगी लागल्या, जानेवारीत त्या पसरल्या आणि दोन लाख हेक्टरांहून अधिक, म्हणजे जवळपास अर्धे बेट जळाले. तीन वर्षांनी मी पाहिले तेव्हा काळ्या खोडांवर तळापासून शेंड्यापर्यंत हिरव्या पालवीचे झुपके फुटले होते, जणू झाडांनी लोकरीचे पायमोजे घातले आहेत. झाडांच्या माथ्याचे छत गेल्यामुळे रस्त्यावर सावली उरलेली नव्हती. एरवी याचे दुःखच वाटले असते, पण खडीवरच्या चालकाला भर उन्हात एक गैरसोय कमी असते. पानांच्या हलत्या सावल्यांत वरंबा कुठे आणि चाकोरी कुठे ते दिसत नाही, लख्ख उन्हात दिसते. भर दुपारीही नीट दिसत नाही, सावली आखूड पडते म्हणून. सकाळी नऊ ते साडेदहा हा सर्वांत चांगला वेळ, कारण वरंब्याची कड तिरप्या उन्हात रेघ ओढल्यासारखी उठून दिसते.

या रस्त्याचे दुखणे वेगळे होते. जिथे गाड्या वेग घेतात किंवा वळणाआधी आवरतात तिथे रस्त्याला आडव्या पन्हळी पडलेल्या होत्या, घरावरच्या पन्हळी पत्र्यासारख्या, दर दोन फुटांवर एक. चाक एका ठरावीक वेगापलीकडे गेले की बारीक उंचवट्यावरून उसळते, पुढे आपटते, आपटते तिथली खडी पुढे ढकलते आणि तिथे पुढचा उंचवटा तयार होतो. प्रयोगशाळेत वाळूच्या फिरत्या थाळीवर चाक टेकवूनसुद्धा अशा पन्हळी उमटतात, त्यामुळे यात कोणा एका गाडीचा किंवा एका चालकाचा दोष नाही. लांब सस्पेन्शनच्या गाड्या सत्तरच्या वेगाने या उंचवट्यांच्या माथ्यामाथ्यावरून उडत जातात आणि त्यांना फारसे काही कळत नाही. माझ्या गाडीला तो वेग घेतला की मागचे चाक जमीन सोडत होते, आणि हवेतल्या चाकाला वळणही घेता येत नाही आणि थांबताही येत नाही. तीस-पस्तीसला दात वाजत होते. वीसला सगळे सोसता येत होते, पण मग केप बोर्डा दुपारच्या जेवणाला पोहोचणार होते. शेवटी मी पन्हळी नेहमी जिथे उथळ असतात त्या अगदी डाव्या कडेला, खडीच्या पातळ थरावरून, चाळीसने गेलो. खडी की पन्हळी यांत निवड करावी लागली आणि एका दिवसापूर्वी ज्या खडीने पाडले तिच्याच आश्रयाला जावे लागले.

केप बोर्डाचे दीपगृह १८५८ सालचे, चौकोनी आणि ठेंगणे आहे. दीपगृह म्हटल्यावर जो गोल उंच मनोरा डोळ्यांपुढे येतो त्याच्याशी याचे काही साम्य नाही. उंच कड्यावरच बांधल्यामुळे त्याला उंचीची गरजच नव्हती. जवळच हार्वेज रिटर्न नावाची खाच आहे. रस्ते नव्हते त्या काळात रखवालदारांचा शिधा आणि तेल बोटीतून तिथे उतरवून उभ्या उतारावरून ओढून वर चढवत असत. तो उतार वरून पाहिल्यावर पन्हळींविषयीची माझी तक्रार जरा मंदावली.

परतताना वेस्टर्न रिव्हर कोव्हकडे वळलो. त्या वाळूचे फोटो पाहूनच मी हा सगळा बेत आखला होता. किनाऱ्याजवळ आल्यावर पठार संपते आणि रस्ता एकदम नदीच्या खोऱ्यात उतरतो, नागमोडी, अरुंद आणि पूर्ण सुट्या खडीचा. वरच्या वळणावर गाडी उभी करून मी पायी दीडशे पावले खाली गेलो. हा सल्ला मी कोणालाही देईन. ज्या उतारावर बुटाचा तळवा घसरतो तिथे गाडी नेण्यापूर्वी माणसाने तिचे वजन आठवावे. चढताना अ‍ॅक्सिलरेटर उघडा असतो, वजन मागे असते आणि रस्त्याची गाडीही कुरकुरत का होईना चढते. उतरताना यांतले काहीच आपल्या बाजूला नसते. वजन पुढच्या चाकावर, एबीएस आपल्या मर्जीचा मालक, आणि वळणाच्या बाहेरच्या अंगाला खोल दरी नसली तरी लिव्हर मोडण्याइतपत खळगे भरपूर होते. दुपारचे चार वाजले होते. सूर्य मावळायला साडेसात होणार होते, पण त्याच्या तासभर आधीपासून वॅलबी, म्हणजे कांगारूची लहान भावंडे, रस्त्यावर येऊ लागतात. बेटावर कोल्हे नाहीत, त्यामुळे त्यांची संख्या मोठी आहे आणि रस्ता ओलांडण्याचा त्यांचा निर्णय शेवटच्या क्षणी होतो. मोबाइलला रेंज नव्हती. मी वरूनच समुद्राचा निळा तुकडा पाहिला, सात-आठ वेळा पुढेमागे करून गाडी वळवली आणि डांबराकडे निघालो. मागे फिरल्याचे वाईट वाटले का, तर वाटले. पार्नडानाला रात्री जेवतानाही वाटत होते.

सोमवारी पेनेशॉच्या धक्क्यावर टायरांत हवा भरली. बोटीवरच्या कामगाराने पट्ट्यांनी गाडी बांधताना वाकलेल्या लिव्हरकडे पाहिले आणि न विचारताच ‘उत्तर किनारा?’ म्हणाला. घरी आल्यावर अंगणात गाडी धुतली तर पाणी बराच वेळ लाल जात होते, भाद्रपदातल्या आमच्या पऱ्यासारखे. चेन कोरडी पडून एका बाजूला सैल झाली होती, रेडिएटरच्या जाळीत अकरा खडे अडकले होते आणि पुढच्या टायरवर नखाएवढे दोन छेद होते, आत न गेलेले. नवा लिव्हर आणि चेन धुण्याचे तेल एवढ्यावर खर्च भागला. पुन्हा जाईन ते सप्टेंबरात, पाऊस पडून खडी बसलेली असताना, आणि पुढच्या टायरला जरा खाचा असलेला पाहून.

रात्री काकाला फोन लावला. तो आता सत्तरीचा आहे आणि एम-८० मागच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे. जांभा, गोट्या, चाकोरी, वरंबा असे सगळे मी त्याला सविस्तर सांगितले. त्याने मध्ये एकदाही हुंकार दिला नाही, म्हणून फोन बंद पडला की काय असे वाटले. मग त्याने गाडीचे वजन विचारले. मी सांगितले. ‘आणि एम-८० चं?’ असे त्याने विचारले. मी सांगेपर्यंत न थांबता तो म्हणाला, ‘तीच नेली असतीस तर उतरला असतास त्या घाटीतून, आणि पडला असतास तर एकटाच उचललीही असतीस.’ थोड्या वेळाने त्याने बोटीचे भाडे गाडीच्या आकारावर घेतात की माणसागणिक, याची चौकशी केली.